पस्तीस टक्क्यांची बातमी, परदेशातून पाहताना

दहावीचा ऑनलाइन निकाल महाराष्ट्रात दुपारी १ वाजता लागतो, तेव्हा ब्रिटनमध्ये सकाळचे साडेआठ झालेले असतात. रात्रीपर्यंत इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षीची ती बातमी येतेच: सगळ्या विषयांत ३५, गावात गुलाल, पोरगा मित्रांच्या खांद्यावर.

तिचा प्रवास ठरलेला आहे. तालुक्याचा वार्ताहर निकालाचा स्क्रीनशॉट मागवतो, बातम्यांच्या पोर्टलचा संपादकीय डेस्क त्यावर मथळा चढवतो, बाकीची पोर्टलं तीच चार वाक्यं फिरवून लावतात. मग कोणीतरी फोटोवर मजकूर टाकून कार्ड बनवतं. कार्डावर तारीख नसते, म्हणून मागच्या वर्षीचा मुलगा यंदा पुन्हा पास होतो.

माझा आक्षेप त्या स्क्रीनशॉटला आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल उघडायला बैठक क्रमांक आणि आईचं पहिलं नाव पुरतं, आणि हे दोन्ही त्या चित्रात असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं पूर्ण नाव, गाव, शाळा, विषयवार गुण सगळं गूगलवर चढतं. उद्या आयटीआय करून तो नोकरी मागायला गेला, तरी नाव शोधल्यावर आधी तेच दिसणार. ताण नको म्हणून मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. पोर्टलं आता तीच यादी खालच्या टोकाकडून लावतात.

ब्रिटनमध्ये जीसीएसईचा, म्हणजे साधारण आपल्या दहावीसारख्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमधल्या गुरुवारी लागतो. फोटो इथेही ठरलेलेच: हातात कागद, उड्या मारणाऱ्या मुली, सारखे गुण मिळवणारी जुळी. पण 'इप्सो' या वृत्तपत्रांच्या नियामक संस्थेची आचारसंहिता सांगते की शाळेच्या परवानगीशिवाय शाळेत मुलांना गाठायचं नाही, फोटो काढायचा नाही. त्यामुळे पुढे येतात ती बहुतेक शाळेने निवडलेलीच मुलं. काठावर पास झालेली मुलं या प्रसिद्धीतून सुटतात. पण हॉटेलात काम करून पास झालेला मुलगा तिथे दिसतही नाही. आपल्याकडे तो दिसतो, त्याचं मनापासून कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं.

त्यासाठी गुणपत्रिका लागत नाही. डेस्कने बैठक क्रमांक आणि आईचं नाव झाकावं, आडनाव गाळावं, पालकांची संमती गुलाल उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी घ्यावी. कार्डाच्या चित्रातच वर्ष आणि विभागीय मंडळ छापावं, म्हणजे फॉरवर्ड होताना ते गळणार नाही. आणि आपण परदेशातल्यांनी, वर्ष नसलेलं कार्ड गूगल लेन्समध्ये टाकून पाहावं. जुनं निघालं तर पुढे पाठवू नये.