पन्नास पैशांत पोस्ट बचाव

आमच्या पेठेतलं पोस्ट बंद होणार, ही बातमी पोस्टाच्याच दारावर लागली. 'सदर उपडाकघर नजीकच्या डाकघरात विलीन करण्यात येत आहे. ग्राहकांनी नोंद घ्यावी.' कागद पोस्टातल्याच डिंकानं चिकटवला होता. संध्याकाळपर्यंत तो गळून पडला आणि निम्म्या पेठेला वाटलं, निर्णय मागे घेतला.

'नजीकचं' म्हणजे उड्डाणपुलापलीकडचं. नकाशावर ते अंतर किरकोळ आहे. नकाशाला गुडघे नसतात. आमच्या पोस्टाची गिऱ्हाइकं म्हणजे एमआयएसचं, म्हणजे मासिक उत्पन्न योजनेचं, व्याज पासबुकात छापून आलेलं पाहिल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही अशी मंडळी. व्याज जमा झाल्याचं मोबाइलवर दाखवलं तर म्हणतात, "ते दिसतंय रे, पण उमटलंय कुठे?"

कारण एकच, वाडा. पोस्ट वाड्याच्या तळमजल्यावर, भाडं आजोबांच्या काळातलं. मालकांना वाडा पाडून इमारत उठवायचीय. त्यात बाजारभावानं गाळा घ्यायचा, तर पोस्टानं तिकिटं विकायची की दागिने?

अण्णांच्या गच्चीवर सभा झाली. सगळ्यांत जोरात बोलले ते कित्येक वर्षांत पोस्टाची पायरी न चढलेले. एका काकांचा कंठ दाटून आला. त्यांच्या लग्नाच्या शुभेच्छांची तार याच पोस्टात आली होती. (२०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तेव्हाही त्यांनी हेच भाषण केलं होतं.) शेवटी पेठेतल्या घराघरांतून आरडीचे, म्हणजे आवर्ती ठेवीचे, हप्ते गोळा करणाऱ्या एजंटकाकू उठल्या आणि म्हणाल्या, "आठवणी तुम्ही घ्या. मला पंधरा तारखेच्या आत लिस्ट भरायला काउंटर हवाय." सभेतलं हे एकमेव कामाचं वाक्य, म्हणून इतिवृत्तात आलं नाही.

'पोस्ट बचाव समिती' स्थापन झाली. अधीक्षकांना निवेदन द्यायचं, तेही रजिस्टर्ड एडीनं, म्हणजे पोचपावतीसह, हे ठरलं. मी पाकीट घेऊन काउंटरवर गेलो.

"रजिस्टर्ड आता वेगळं नाही," मॅडम म्हणाल्या. "१ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं."

म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधातलं निवेदन विलीन झालेल्या सेवेनं पाठवायचं! मॅडम हसल्या नाहीत. तेवढ्यात सर्व्हर गेला होता.

मग शिष्टमंडळ अधीक्षकसाहेबांना भेटायला गेलं. अण्णांनी हुकमाचं पान टाकलं. "१५ ऑगस्ट १९७२ ला या देशाला पिनकोड मिळाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. आपला मराठी माणूस, वर संस्कृतचे पंडित! त्यांनी दिलेला आमचा पिनकोड तुम्ही पुसणार?"

साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. "तुमचं पोस्ट नॉन-डिलिव्हरी आहे. पत्रवाटप तिथून होतच नाही. तुम्ही लिहिता तो पिनकोड पुलापलीकडच्या पोस्टाचाच आहे."

अण्णा मटकन खाली बसले. जन्मभर आपण दुसऱ्याच्या पिनवर राहत होतो, हा धक्का त्यांना वाडा पडण्यापेक्षा मोठा होता.

"आणि काउंटरवर धंदाही नाही," साहेब म्हणाले.

इथे माझं खासगी मत सांगून ठेवतो. देशात १ लाख ६४ हजारांवर पोस्टं आहेत, त्यांतली दहातली नऊ खेड्यांत. ती उघडताना कुणी गल्ला मोजायला बसलं असेल असं वाटत नाही. पण हे मी साहेबांपुढे बोललो नाही, कारण तोवर अण्णांना योजना सुचली होती. धंदा नाही ना? मग धंदा करू. घरटी रोज एक पोस्टकार्ड.

पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. देशात पन्नास पैशांत करता येण्यासारखं हे बहुधा शेवटचं आंदोलन. मॅडमकडची कार्डं संपली, वरून मागवावी लागली. अडचण एवढीच की लिहायचं कुणाला आणि काय? पत्ते कुणाकडे नव्हते. शेजाऱ्यांचेच तेवढे पाठ. पहिल्या फेरीत सगळ्यांनी 'आम्ही खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी' असं समोरच्या जिन्यात कळवलं. खुशाली संपली तशी मनातली पत्रं सुरू झाली. आम्हांला वरच्या मजल्यावरून आलं, 'दुचाकी जिन्याच्या तोंडाशी लावू नये.' आम्ही उलटटपाली लिहिलं, 'कुंडीला पाणी घालताना खाली बघत जावे. लोभ आहेच, वृद्धी व्हावी ही विनंती.'

वरच्या मजल्याहून खालच्या मजल्यावर येणारं हे कार्ड पेटीतून निघून, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, छाननी होऊन, पुलापलीकडून पोस्टमनच्या पिशवीत बसून यायचं. कार्ड उघडं, त्यामुळे पोस्टमन वाटेत सगळं वाचायचा. "काका, आज तुमचं उत्तर आलंय," तो जिन्यातूनच ओरडायचा, "पण जेवण झाल्यावर वाचा." दोन घरांतलं बोलणं बंद झालं, त्यांची कार्डं तेवढी वाढली.

विक्रीचे आकडे घेऊन आम्ही पुन्हा साहेबांसमोर उभे राहिलो. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. एका पोस्टकार्डामागे खात्याला बारा रुपयांच्या वर खर्च येतो, हा २०१६-१७ चा खात्याचाच हिशेब. मिळतात पन्नास पैसे. म्हणजे प्रत्येक कार्डामागं आम्ही खात्याला साडेअकरा रुपयांच्या खड्ड्यात घालत होतो, तेही घोषणा देत.

"तुमच्या भागात नुकसान इतकं वाढलं कसं, हे मलाही कळत नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात हळहळ होती की समाधान, ते ओळखता आलं नाही.

गच्चीवर पुन्हा सभा भरली, तेव्हा एजंटकाकूंचा उपाय तयार होता. "पत्रं लिहू नका, खाती उघडा. बचत खात्यांच्या कामाचा मोबदला पोस्टाला अर्थखात्याकडून मिळतो. पाचशे रुपयांत खातं उघडतं, फॉर्म माझ्याकडे आहेत." पिशवीतून फॉर्म निघेपर्यंत गच्ची बरीच रिकामी झाली. कुणाचा कुकर लागला होता, कुणाचा फोन आला होता. तार आठवून रडणारे काका तर आमच्या देखत पाण्याच्या टाकीमागून निसटले.

पुढच्या सभेला कोरम भरला नाही. पण निवेदनाचं उत्तर मात्र आलं, स्पीड पोस्टानं. समितीचा पत्ता म्हणून स्वतःचं घर द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून अण्णांनी पोस्टाचाच पत्ता घातला होता. मॅडम म्हणाल्या, "माझ्याच ऑफिसविरुद्धच्या निवेदनाचं उत्तर मी कसं सही करून घेऊ? मला वरून विचारावं लागेल." पोस्टमन ते परत घेऊन गेला. आता ते सात दिवस पुलापलीकडे पडून राहणार आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जाणार.

गेलो पुलापलीकडे. तिथल्या रांगेत आमच्या पेठेतले निम्मे लोक आधीच सवय करायला आलेले होते. माझा नंबर आला.

"समितीच्या नावानं आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "समितीचा शिक्का आणा."

शिक्केवाल्याला मजकूर दिला, 'पोस्ट बचाव समिती'. तो म्हणाला, शुक्रवारी मिळेल. पत्र गुरुवारी परत जातंय.