समुद्र गुदमरतोय? मग जाळं आजच टाका!

किनाऱ्याजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत चालला म्हणून काही लोक उगाच ऊर बडवून घेतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेतात खत टाकताना हात अजिबात आखडू नका. पिकाला हवं तेवढं पीक घेईल, उरलेलं नदी नेईल. नदीच्या मुखाशी शेवाळ माजेल, मरेल, तळाला बसेल आणि ते कुजवणारे जिवाणू तिथला ऑक्सिजन फस्त करतील. वर नदीचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं, त्यामुळे हवा खाली पोचण्याची भीती नको. ऑक्सिजनचं प्रमाण लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की जमलं म्हणा.

आणि मासे? ते पळतात हो! पळून त्या पाण्याच्या कडेला दाटीवाटीनं गोळा होतात. जाळं नेमकं तिथेच टाका आणि ते जड लागलं की ठणकावून सांगा, ‘मासळी मुबलक आहे.’ अमेरिकेतल्या मोबाइल उपसागरात तर उन्हाळ्यात एखाद्या पहाटे चपटे मासे, खेकडे, कोळंबी जीव घेऊन थेट काठाला येतात. लोक त्याला ‘ज्युबिली’ म्हणतात, टोपल्या घेऊन धावतात. तळातल्या शिंपल्यांना आणि किड्यांना पळता येत नाही, पण त्यांची शिरगणती करतंय कोण!

जे मासे जगले, त्यांची फार चौकशी करू नका. मेक्सिकोच्या आखातातला क्रोकर, म्हणजे आपल्या ढोम्याच्या कुळातला मासा, बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. संशोधकांनी आत डोकावलं, तर काही माद्यांच्या अंडाशयात चक्क शुक्रपेशी घडत होत्या! म्हणून सांगतो, माशाचं पोट फाडायचं ते तळण्यापुरतंच.

काळ्या समुद्रासारखा घात मात्र होऊ देऊ नका. सोव्हिएत संघ कोसळला, खताला पैसे उरले नाहीत आणि 1990च्या दशकात तिथलं पाणी सुधारू लागलं.

तरीही कुणी खनपटीला बसलाच, तर त्याला तारीख द्या. मेक्सिकोच्या आखातातला मृत पट्टा, म्हणजे असा ऑक्सिजन संपलेला भाग, 2015पर्यंत 5,000 चौरस किलोमीटरच्या आत आणायचं 2001मध्ये ठरलं होतं. 2015 उजाडलं, तेव्हा तारीख 2035 करण्यात आली. 2017मध्ये पट्टा 22,720 चौरस किलोमीटर भरला, मोजणी सुरू झाल्यापासूनचा उच्चांक! 2035ला अजून अवकाश आहे. तोवर पुढच्या मुदतवाढीचा मसुदा टाइप करून ठेवा, वर्षाची जागा तेवढी कोरी सोडा.