हनुवटी छातीला!

उजवं मनगट सुजलंय, म्हणून हे डाव्या हाताने टाईप करतोय. बुधवारचा बाजार, गोदाघाट, कोणीतरी भिरकावलेला कोबीचा पाला. बाकी काय घडलं ते सांगायला नको. बावीस वर्षं पोरांना कराटे शिकवणारा मी, पाठीवर 'सेन्सेई' छापलेल्या टी-शर्टासकट, कोथिंबिरीच्या ढिगात उताणा.

कोथिंबिरीची मालकीण सत्तरीपुढची. तिने आधी दबलेल्या जुड्या मोजल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"हात कशाला टेकला रं?"

"आजी, पडताना आपोआप टेकतो."

"आपोआप म्हणं! मनगट जातं अशानं. अंग गोळा करायचं, कुशीवर लोळायचं. दारुड्याला पाह्यलं का कधी? रोज गटारीत पडतो, हाड मोडत न्हाई. अंग सैल असतं त्याचं."

एवढ्यावर थांबली असती तर मी उठून निघालो असतो. पण तिने पदर खोचला, गोणपाटावर स्वतःला झोकून दिलं, कुशीवर लोळली, तळहात फट्‌कन आपटला आणि परत तराजूपाशी. शेजारच्या मिरचीवाल्याने टाळी वाजवली. "आता तू कर," आजी म्हणाली.

पडण्याच्या या विद्येला जपानीत उकेमी म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला; तिथे दुसऱ्याला फेकण्याआधी स्वतः पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळहात जमिनीवर, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. हे मी दर शनिवारी घसा फोडून शिकवतो. आजी हे जांभळावरून, बैलगाडीतून आणि एकदा सासूने ढकललं म्हणून ओट्यावरून शिकली होती.

"पाठीवर काय लिव्हलंय?"

"सेन्सेई. म्हणजे गुरुजी."

खरा अर्थ 'आधी जन्मलेला'. तो तिला सांगायचं धाडस झालं नाही.

काळ्या पट्ट्याची पहिली पायरी शोदान, म्हणजे सुरुवातीची पायरी. हे पालकांना सांगून सांगून जीभ झिजली. त्यांना पोरगं दहावीला जायच्या आत पट्टा हवा. एका गृहस्थांनी तर विचारलं, "सर, थोडे जास्त घ्या, पण दिवाळीपर्यंत बसवा ना." जणू खिडकीला ग्रिल बसवायचंय. तेव्हा मी त्यांना नम्रतेवर पाऊण तास झापलं होतं. आणि मी स्वतः कोणापुढे विद्यार्थी म्हणून शेवटचा कधी उभा राहिलो? आत्ता डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं. बोटं पुरली नाहीत. अकरा वर्षं. असो.

तर, मी केलं. भर बाजारात, गोणपाटावर. आणि मागून ओळखीचा चिमुकला आवाज आला, "सर, हनुवटी!"

माझाच पिवळ्या पट्ट्याचा विद्यार्थी. शेजारी त्याची आई, मोबाईल उभा धरून. या बाईंची दोन महिन्यांची फी बाकी आहे, मी फोन केला की रेंज नसते, पण घाटावर व्हिडिओ पाठवण्याइतकी रेंज होती. तो आता वर्गाच्या ग्रुपवर आहे, खाली हसणारे सतरा चेहरे.

आजीने दबलेल्या तीन जुड्यांचे तीस रुपये घेतले. घासाघीस करण्याच्या स्थितीत मी नव्हतो. मनगट धरून निघालो, तर मागे त्या बाई आजीला विचारत होत्या,

"मावशी, तुम्ही क्लास घेता का हो?"

"दर बुधवारी असते मी हितं."