लहान मुलांना भावना कळत नाहीत, हा सल्ला चुकीचा का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतो: सहा वर्षांखालच्या मुलांना भावना कळत नाहीत, घरात मराठी आणि अंगणवाडीत कन्नड म्हणजे आणखी गोंधळ, रडण्यावर बोललं की मूल हट्टी होतं, त्यापेक्षा चेहऱ्यांचा तक्ता पाठ करून घ्या.

कळत नाहीत? १९८५ सालच्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांपुढे काच होती आणि तिच्याखाली खड्डा दिसत होता. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं पुढे गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. शब्द मात्र हळूहळू येतात. आधी ‘बरं’ आणि ‘वाईट’ एवढंच, मग राग आणि दुःख वेगळं होतं, भीती आणि किळस त्याहून उशिरा. तीन वर्षांचं मूल घाबरलेल्या चेहऱ्याला ‘रागावलाय’ म्हणालं तर काळजीचं काही नाही.

दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. घरी ‘राग’, अंगणवाडीत ‘सिट्टू’, हे ते सहज पेलतं. अडतं ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर. कन्नडमधलं ‘बेजारू’ म्हणजे कंटाळा किंवा वाईट वाटणं. आपण ‘बेजार’ म्हणतो ते त्रासून गेल्यावर. मूल ‘बेजार झालं’ म्हणालं तर शब्द सुधारू नका, काय झालं ते ऐका. अंगणवाडीच्या बाई कुठले शब्द वापरतात तेही विचारून घ्या. पण घरची मराठी सोडू नका. रुसणं, हिरमुसणं, भेदरणं, धास्तावणं हे बारकावे आई-आजीच्या रोजच्या बोलण्यातूनच येतात. शिकाऊ इंग्रजीत ‘सॅड’ आणि ‘अँग्री’वरच गाडी थांबते.

हट्टीपणाचं म्हणणं सर्वांत घातक. भावनेला नाव देणं वेगळं आणि मागणी पुरवणं वेगळं. दादानं शेवटचा कुंदा खाल्ला आणि धाकटं जमिनीवर लोळतंय, असं समजा. शेजारी खाली बसा, पाठीवर हात ठेवा. आकांत ओसरेपर्यंत बोलू नका, त्या भरात शब्द पोचत नाहीत. मग एकच वाक्य: ‘दादानं कुंदा संपवला म्हणून राग आला, होय ना?’ रागाचं कारण त्याच वाक्यात हवं. मनात दहा मोजा. मूल ‘नाही’ म्हणालं तर मान्य करा, अंदाज तुमचा होता. मग सांगा, ‘राग येऊ दे, पण दादाला मारायचं नाही.’ दुसरा कुंदा आणायचा नाही. बहुतेक घरांत चुकतं ते ‘का रडूलास?’ या प्रश्नावर. रडण्याचं कारण शोधून सांगणं त्या वयाला जड जातं, उत्तर येत नाही आणि मोठ्यांचा आवाज चढतो.

मानसशास्त्रज्ञ ज्युडी डन आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी ज्यांच्या घरी भावनांवर जास्त बोललं जायचं, त्या मुलांना सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या मनातलं अधिक कळत होतं.

तक्त्यात चेहरा असतो, पण त्याला काय झालं ते नसतं. पाठांतरानं मूल चित्र ओळखायला शिकतं, स्वतःचा राग नाही. तक्ता घरात असलाच तर ‘हा कोणता चेहरा?’ सोडा आणि विचारा, ‘याचं काय बिनसलं असेल?’