जोत्यावर वाडा चढवू नका

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. रायगडावरचे वाडे होते तसे उभारा, असं निम्मे जण म्हणतात. दगडालाही हात लावू नका, असं बाकीचे. मी दक्षिण फ्रान्समध्ये आविन्योंला राहतो. पोपच्या राजवाड्यावरून रोजचं जाणंयेणं आहे, आणि या वादात माझं मत त्या भिंती बघूनच पक्कं झालंय: पडझड थांबवा, पण जोत्यावर नवा वाडा चढवू नका.

चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी इथे राहत. १३३५ पासून बेनेडिक्ट बारावा आणि १३४२ पासून क्लेमेंट सहावा, या दोघांनी वीसेक वर्षांत हे गॉथिक बांधकाम उठवलं. नाव राजवाडा, पण बाहेरून निव्वळ गढी. बेनेडिक्ट साध्या राहणीच्या सिस्टर्शियन पंथातला, त्याचा भाग उंच आणि रूक्ष. दर्शनी भिंतीवर टोकदार कमानी खालपासून पार वरपर्यंत चढत जातात. लांबून ती शोभा वाटते. भिंतीला लागून उभं राहून मान वर केली, की कमान आणि भिंत यांच्यामधली फट दिसते: पायथ्याशी भिडलेल्या शत्रूच्या डोक्यावर दगड टाकायची सोय! क्लेमेंटला मात्र थाट हवा होता. त्याचं मोठं चॅपल ५२ मीटर लांब आहे आणि मधे एकही खांब नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीत राजवाडा लुटला गेला. मग १९०६ पर्यंत तिथे पलटणीची बराक होती. सैनिकांनी पोपचा इटालियन चित्रकार मात्तेओ जोव्हानेत्ती याच्या भित्तिचित्रांतले चेहरे कापून विकले. त्या जागा आजही कोऱ्या आहेत. तिथे कुणी नवे चेहरे रंगवले नाहीत.

‘नुसती जोती बघून पोरांना काय कळणार?’ हा माझ्या मावसभावाचा प्रश्न रास्त आहे. इथे प्रत्येकाच्या हातात टॅब्लेट देतात. त्यावर पोपच्या काळातलं सजलेलं दालन दिसतं, समोरची भिंत मात्र उघडीच राहते. उद्या नवं काही सापडलं तर पडद्यावरचं चित्र बदलता येईल. दक्षिण फ्रान्समधल्याच कार्कासोन या तटबंदीच्या गावाला ती सोय उरली नाही. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुविशारदाने तिथल्या बुरुजांवर पाटीच्या दगडाची निमुळती छपरं चढवली. ती उत्तरेकडची धाटणी, इथली नव्हे, अशी टीका आजही होते. येणारा पर्यटक तीच मध्ययुगीन समजून जातो.

आविन्योंतही सगळं अस्सल नाही. मुख्य दरवाज्यावरचे दोन छोटे बुरूज विसाव्या शतकात पुन्हा बांधलेत. पण उभ्या भिंतीचा तुटका भाग पुरा करणं वेगळं आणि जोत्यावर अख्खा वाडा कल्पून उभा करणं वेगळं. रायगडावरचे वाडे १८१८ च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात जळाले. खांबांवर नक्षी कोणती होती, छपराचा उतार किती होता, हे आपण अंदाजानेच ठरवणार आणि पुढची पिढी तो अंदाज शिवकालीन म्हणून पूजणार. मला हे सहन होत नाही.

वाड्यांसाठी मागता तो पैसा तटांत रुजलेले वड-पिंपळ मुळासकट काढायला मागा, चुना दळायची घाणी जाणणारे गवंडी तयार करायला मागा. विजयदुर्गाच्या तटाला समुद्र दर पावसाळ्यात खातोय. आधी तिथे माणसं लावा.