ऑइल गळतंय? ब्रेक ऑइलची बाटली आधी खाली ठेवा

लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, वर फक्त ‘अनुभवी मेकॅनिकचा सल्ला’ एवढंच. गोषवारा असा: जुन्या गाडीचं ऑइल गळणारच, तो वयाचा भाग आहे. गळती म्हणजे इंजिन बांधायला (पूर्ण खोलून दुरुस्त करायला) झालं, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. जाड ऑइल टाका, गळती थांबते. सिंथेटिक टाकू नका, त्यानेच सीलं जातात. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) बोल्ट कचकचून आवळा आणि वरून सिलिकॉन मारा. एवढं करूनही थांबलं नाही तर ऑइलमध्ये झाकणभर ब्रेक ऑइल घाला, सील फुगून घट्ट बसतं. आणि शेवटी नेहमीची ओळ: गॅरेजवाले हे तुम्हाला सांगणार नाहीत.

का सांगावं त्यांनी? यातलं निम्मं जरी कोणी केलं तरी पुढचं मोठं काम त्यांच्याकडेच येणार आहे. एकेक मुद्दा घेऊ.

‘जुनी गाडी आहे, गळणारच’

अर्धं खरं आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँक आणि कॅम या इंजिनातल्या फिरत्या दांड्यांची सीलं, ठिकठिकाणच्या ओ-रिंगा हे सगळं रबर. इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून ते ताठर होतं. पंधरा वर्षांपूर्वीचं टॅपेट पॅकिंग काढून बघा, बांगडीसारखं कडक झालेलं असतं आणि वाकवायला गेलं की कटकन तुटतं. नवं पॅकिंग कसंही पिळा, पुन्हा आपल्या आकारात येतं. म्हणजे वयाने गेलं ते रबर, इंजिन नव्हे. आणि रबर बदलता येतं.

‘थेंब-दोन थेंबांनी काय होतं’ असंही त्यात असतं. हिशेब करून बघू. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब. चालत्या इंजिनातून दर १० सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. ५० तासांत ९०० मिलिलिटर. शहरातल्या वेगाने ५० तास म्हणजे जेमतेम दोन हजार किलोमीटर. डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांना लिटरभराच्या आसपासच ऑइल मावतं. थेट सर्व्हिसलाच बॉनेट उघडणाऱ्याने या हिशेबाकडे जरा नीट बघावं. पार्किंगमधल्या डागावरून अंदाज बांधू नका, कारण इंजिन चालू असताना ऑइल दाबाखाली असतं आणि रस्त्यावर सांडलेलं कोणी मोजत नाही.

‘कमी झालं तर दिवा लागेलच की’ म्हणणारेही भेटतात. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. प्रेशर जवळजवळ संपल्यावर तो लागतो. तोपर्यंत बेअरिंगना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

शिवाय किती गळतं याच्याइतकंच कशावर गळतं हे महत्त्वाचं. टॅपेट कव्हरमधून उतरलेलं ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं की सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, कधी धूरही दिसतो. तो मॅनिफोल्ड काही शे अंशांनी तापलेला असतो, आग लागायला तेवढं पुरतं. पुढचं क्रँक सील किंवा कॅम सील गळलं तर टायमिंग बेल्ट ऑइलने भिजतो आणि दात सोडू शकतो. काही इंजिनांत त्यानंतर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मागचं क्रँक सील गळलं तर क्लच प्लेट ओली होऊन घाटात क्लच घसरतो. इंजिनच्या रबरी माउंटिंगांवर ऑइल ठिबकत राहिलं तर तीही फुगून मऊ पडतात.

‘गळती म्हणजे इंजिन बांधायला झालं’

या एका वाक्यापायी चांगल्या गाड्या भंगारात गेल्या आहेत. ऑइल बाहेर गळणं आणि ऑइल आत जळणं हे दोन वेगळे आजार. जळत असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि खाली डाग न पडताच डिपस्टिक उतरते. तिथे पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्ह सीलं बघावी लागतात. बाहेर गळत असेल तर आधी कुठून ते शोधायचं.

सगळं घोडं इथेच अडतं. ऑइल गळतं एकीकडून आणि दिसतं दुसरीकडे. ते खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं आणि गळती जशीच्या तशी, हा प्रकार गॅरेजांत रोजचा.

ठळक उदाहरण जुन्या मारुती एस्टीमचं. तिच्या १.३ लिटर इंजिनात डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑइल हेडच्या मागून सरळ खाली उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर, बेल हाउसिंगपाशी, थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागचं क्रँक सील गेल्यासारखं दिसतं. आमच्या घरच्या एस्टीमला एका गॅरेजने हेच निदान दिलं होतं: गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लचही आत्ताच करून घ्या. डिस्ट्रिब्युटरखालून बोट फिरवलं तर बोट काळं, आणि तिथपासून बेल हाउसिंगपर्यंत ओघळाची सलग रेघ. अंगठीएवढी रबरी रिंग, दोन बोल्ट आणि जागेवर खूण करून ठेवायला खडू एवढ्यात काम झालं. खूण यासाठी की डिस्ट्रिब्युटर जरा जरी फिरून बसला तर ठिणगीचं टायमिंग बिघडतं.

शोधायची रीत सोपी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून ब्रशने घासून स्वच्छ करा. पेट्रोलने धुऊ नका, आणि अल्टरनेटर-डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिक बांधल्याशिवाय पाणी मारू नका. पूर्ण सुकल्यावर संशयित सांध्यांवर अंगाला लावायची साधी पावडर शिंपडा, १५-२० किलोमीटर चालवून या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे सुरू होते तिथे तुमची गळती. सर्वांत उंच ओला बिंदू शोधायचा, सर्वांत ओला नव्हे. एवढ्यानेही सापडलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि निळा दिवा मिळतो, चांगल्या गॅरेजात तो असतो.

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर आणखी एक प्रश्न सुटतो: हे इंजिन ऑइलच आहे ना? तपकिरी-काळं ते बहुधा इंजिनचं. चिकट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं ते गिअर ऑइल. लाल असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हिरवं-गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. एसी लावून आल्यावर पडलेलं नुसतं पाणी असतं, त्यावर डोकं खाजवू नका. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेकचं असू शकतं. तशी गाडी जागची हलवू नका.

उगम सापडला की बहुतेक वेळा तो स्वस्तातला निघतो. ऑइल प्रेशरचा स्विच स्वतःच्याच टर्मिनलमधून पाझरतो. ड्रेन बोल्टचा वॉशर वर्षानुवर्षं तोच वापरलेला असतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा बसवला, हे तर सर्रास होतं. फिल्टर हाताने, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा, एवढाच आवळायचा असतो.

आणि एक तपासणी सील बदलण्याआधी करायलाच हवी, ती ब्रीदरची. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. तो ब्रीदरच्या पाइपातून आणि पीसीव्ही वॉल्व्हमधून परत इंजिनमध्ये ओढला जातो. हा मार्ग चिकट्याने तुंबला की आत दाब वाढतो आणि मिळेल त्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकललं जातं. अशा गाडीला नवं सील घातलं तरी ते महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ओलं. आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवून बघा. ते जोरात उड्या मारू लागलं आणि भकाभक वाफा आल्या तर आधी ब्रीदर साफ करा. साफ करूनही तसंच राहिलं तर कॉम्प्रेशन तपासा. रिंगा झिजल्या असतील तर इथे कळेल, आणि तेव्हा कुठे इंजिन बांधायची भाषा करावी.

‘जाड ऑइल टाका’

या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो टिकून आहे. ऑइल जितकं जाड तितकं फटीतून हळू जाणार. पण किती जाड? डब्यावरच्या श्रेणीतला शेवटचा आकडा (२०डब्ल्यू-५० मधला ५०) १०० अंश सेल्सिअसला ऑइलची घनता नव्हे, दाटपणा सांगतो. ३० च्या ऑइलचा दाटपणा तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो आणि ५० च्या ऑइलचा १६.३ ते २१.९. म्हणजे तापल्यावर दीड-दोन पटींचा फरक. गळती कमी होईल, थांबणार नाही. गंमत अशी की तापलेलं २०डब्ल्यू-५० हे ४० अंशांवरच्या १०डब्ल्यू-३० पेक्षा कितीतरी पातळ असतं. ज्या फटीतून थंड पातळ ऑइल रात्रभर पार्किंगमध्ये ठिबकतं, तिला गरम जाड ऑइल काय अडवणार?

बदल्यात सकाळी सुरू करताना जाड ऑइल कॅमपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि झीज सर्वांत जास्त त्याच वेळी होते. ज्या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो, तिथे तर हा प्रयोग नकोच. १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल त्यातलं, स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामधून हजारो घरांत आहे. मॅन्युअलमध्ये आपल्या हवामानासाठी जाड श्रेणी दिलेली असेल तर खुशाल वापरा. त्याबाहेर जाऊ नका. लाखापुढच्या गाड्यांसाठी सील मऊ ठेवणारे घटक घातलेली ऑइलं मिळतात. कडक झालेल्या सीलाचा हलका पाझर त्यांनी कमी होऊ शकतो. फाटलेलं सील, कागदी पॅकिंग किंवा शाफ्टवर पडलेली खाच यांवर त्यांचा उपयोग नाही.

‘सिंथेटिकने सीलं जातात’

हे १९७० च्या दशकातलं ऐकीव ज्ञान. तेव्हाच्या काही सिंथेटिक ऑइलांनी सील आक्रसत असे. पुढे घटक बदलले आणि प्रश्न मिटला. आज सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसली तर बहुधा जुन्या चिकट्याने बुजलेली फट धुऊन उघडी पडलेली असते. फट आधीचीच.

‘बोल्ट कचकचून आवळा, वरून सिलिकॉन मारा’

टॅपेट कव्हरच्या बोल्टना बहुतेक गाड्यांत सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात. लहान पाना, मनगटाचा जोर, बस. कचकचून आवळलं की पत्र्याचं कव्हर बोल्टभोवती खड्डा धरतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचललं जातं. गळती आता तिथून. हेडमधले आटे ॲल्युमिनियमचे, ते गेले तर काम आणखी वाढलं.

बाहेरून मारलेलं सिलिकॉन ऑइलच्या ओशट थरावर बसतं, म्हणजे बसतच नाही. आतून भरपूर चोपडलं तर त्याहून वाईट: आवळल्यावर जादा सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबवायला गेलेल्या माणसाच्या इंजिनाला ऑइलच पोचत नाही. सिलिकॉनला त्याची जागा आहे. चेंबरच्या सांध्याला कंपनीने सांगितलं असेल तिथे बारीक सलग धार, आणि टॅपेट पॅकिंगला कॅमच्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका. दोन्ही पृष्ठभाग कोरडे-स्वच्छ हवेत आणि डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ सुकू द्यायला हवं.

‘झाकणभर ब्रेक ऑइल’

सगळ्यात घातक सल्ला हाच, आणि शेअर करताना लोक नेमका हाच अधोरेखित करतात. नेहमीचं ब्रेक ऑइल खनिज तेल नसून ग्लायकॉल जातीचा द्रव आहे. ब्रेकमधलं रबर त्याला चालणारं असतं, इंजिनमधलं त्याच्यासाठी बनलेलंच नसतं. तिथे सील फुगतं हे खरं, म्हणून चार दिवस गळती थांबल्यासारखी वाटते. पण फुगलेलं सील मऊ पडतं, त्याची धार जाते आणि मग ते आधीपेक्षा जोरात गळतं. एक सील नव्हे, ऑइल पोचतं तिथली सगळी. वर ग्लायकॉल ऑइलचं वंगण बिघडवतं. हेड गॅस्केट गेल्यावर कूलंट ऑइलमध्ये उतरलं की बेअरिंगांची वाट लागते, तीही ग्लायकॉलमुळेच. कोणी आधीच घातलं असेल तर इंजिन चालवत न बसता ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून घ्या.

एका बाबतीत मात्र

फॉरवर्डच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. प्रत्येक ओलसर सांधा उघडायची गरज नसते. सांध्यावर धूळ चिकटून काळपट झाली आहे, पण थेंब धरत नाही आणि डिपस्टिक महिनाभर हलत नाही, तर पुसून ठेवा आणि लक्ष ठेवा. मागचं क्रँक सील खरोखरच पाझरत असेल, पण क्लच घसरत नसेल, तर क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबलेलं परवडतं. गिअरबॉक्स एकदाच उतरेल, मजुरी एकदाच लागेल. तोवर गाडीत त्याच श्रेणीचं लिटरभर ऑइल ठेवा आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. टायमिंग बेल्टच्या बाजूचं सील आणि एक्झॉस्टवर पडणारी गळती यांना मात्र ही सवलत नाही.