बटण बटणासारखं दिसू द्या ना, राजेहो!

परवा बाबांना फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवत होतो. नागपूरच्या इतवारीत चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस, रोजमेळ-खतावणी तोंडपाठ. ग्राहक क्रमांक टाकला, रक्कम टाकली, आणि बोट हवेतच.

"काऊन बाबा, थांबले काऊन?"

"अबे, आता दाबू कुठी?"

खाली पांढऱ्यावर फिक्कट निळ्या अक्षरांत 'पुढे' लिहिलेलं होतं. ना चौकट, ना उठाव, ना सावली. बाबांच्या हिशेबानं ते वाचायचं होतं, दाबायचं नव्हतं. मला तर ते बरोबरच वाटलं.

जुन्या आयफोनमध्ये नोट्स म्हणजे रेघांचा पिवळा कागद, पुस्तकं लाकडी फळीवर, गेम सेंटरला हिरवी बनात. २०१३ मध्ये आयओएस ७ (आयफोनची नवी प्रणाली) आलं आणि सगळं सपाट झालं. (मायक्रोसॉफ्टनं विंडोज फोनमध्ये २०१० लाच ते केलं होतं, पण गाजावाजा झाला तो ॲपलचा.) तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आयपॅडमधल्या कॅलेंडरला चामड्याची शिवण कशाला हवी, सांगा! तो पिवळा कागदही अमेरिकन वकिलांचा. बाबांच्या लाल बहीत तर रेघाच नसायच्या. कागदाला घड्या घालून पाडलेले सळ, तेच रकाने. नक्कल करायचीच तर कोणाच्या टेबलाची, हाही प्रश्नच आहे.

पण शिवणीसोबत बटणाची सावलीही फेकली गेली, हे तेव्हा लक्षात आलं नाही. शिवण ही हौस होती. सावली ही खूण होती. वरून उजेड पडतो, उठलेल्या वस्तूची वरची कड उजळते, खाली काळोखी येते. हे डोळ्याला लहानपणापासून ठाऊक असतं, त्याला क्लास लावावा लागत नाही. सेव्हच्या बटणावरच्या फ्लॉपीच्या चित्राचं वेगळं आहे. सीताबर्डीच्या कॉम्प्युटर क्लासला आम्ही १.४४ एमबीची फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून जायचो. भाचीनं ती कधी पाहिली नाही, तरी त्या चित्रावर बिनधास्त क्लिक करते. चित्र पाठ होतं. पण पाठ करायला तिच्याकडे शाळेची दहा वर्षं होती, बाबांकडे बिलाची शेवटची तारीख.

२०२५ मध्ये आयओएस २६ आलं ते काचेसारखं, बटणातून मागचं आरपार दिसतं. एसीत बसून छानच दिसत असेल. मे महिन्यात दुपारी व्हेरायटी चौकात उभं राहून, फोनवर हाताचा आडोसा धरून एकदा वाचून दाखवा म्हणावं.

बाबांनी स्वतःच उपाय काढला. लाल वहीच्या मागच्या पानावर पेनानं अख्खी स्क्रीन उतरवून ठेवली आहे. त्यात 'पुढे'भोवती चौकोन आहे, दोनदा गिरवलेला.